१ जूनला जन्मलेल्यांचा व्हिसा

सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली. जून उजाडला की आया पोरांना दंडाला धरून शाळेत आणायच्या. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "थोरली दुष्काळात झाली गुरुजी. तिच्या पाठीवर दोन वरसांनी ह्यो. बेंदराच्या आदल्या दिशी." दुष्काळ म्हणजे १९७२चा, हे वेगळं सांगावं लागत नसे. बेंदूर त्या साली कुठल्या तारखेला आला होता हे बघायला जुनं पंचांग लागलं असतं, आणि दारात अजून वीस आया उभ्या असायच्या. मग पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघायचं, पोचला की जनरल रजिस्टरात लिहायचं: १ जून. सहा वर्षं पुरी भरतील असं साल धरायचं. पुढचा या.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी कसा येतो, यावर दर जूनला मोबाईलवर विनोद फिरतात. मीही ते पुढे पाठवतो. पण त्यातल्या काही तारखा माझ्या अक्षरातल्या आहेत, आणि गेल्या वर्षी त्यातली एक माझ्याकडे परत आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली, जर्मन शिकली, आणि आता जर्मनीत एका रुग्णालयात नोकरीला आहे. तिला आईवडिलांना तीन महिने तिकडे न्यायचं होतं. वडिलांची जन्मतारीख १ जून. आई शेजारच्या गावची, तिची शाळा वेगळी, गुरुजी वेगळे. तिचीही १ जून. मुलगी फोनवर म्हणाली, "गुरुजी, दोघांची तारीख एकच बघून तिथला साहेब काय म्हणेल?"

साहेब काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं. आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो, ते मात्र माहीत आहे. व्हिसा नाकारला की आपण परक्या देशाला शिव्या देतो. गोरा साहेब माजलाय, आपल्याला हलकं समजतो, पैसे खातो. त्यात काही अंशी तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलतोच. पण माझं मत असं झालं आहे की आपल्या भागातल्या माणसाचा अर्ज दूतावासात पोचायच्या आधीच निम्मा फेटाळलेला असतो. तो फेटाळला जातो शाळेच्या रजिस्टरात, ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यू नोंदीत, तलाठ्याच्या सज्जात. व्हिसा देणारा माणसाला बघत नाही, माणसाचे कागद बघतो. आणि आपले कागद आपल्याच सरकारने, म्हणजे माझ्यासारख्यांनी, घाईत लिहिलेले आहेत.

ज्यांना कागदाशिवाय जाता आलं, अशांची उदाहरणं आमच्याच तालुक्यात घरोघर आहेत. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली गलाई करणारी माणसं. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, हा धंदा. पाऊस नाही, पाणी नाही म्हणून ही माणसं बाहेर पडली आणि केरळ, तमिळनाडू, बंगाल, जिथं सराफ बाजार असेल तिथं जाऊन बसली. एक चुलता गेला की मागून पुतण्या, त्याच्यामागे मेव्हणा. चौथीपर्यंत शिकलेला पोरगा दोन वर्षांत फडाफडा मल्याळम बोलायला लागायचा. दुसऱ्याचं सोनं त्याच्या हाती द्यायचं म्हणजे विश्वास लागतो, आणि तो विश्वास चुलत्याच्या तोंडाने मिळायचा. परत कधी जाणार, खात्यावर किती आहेत, लग्न झालंय का, असं कुणी विचारलं नाही. विचारायचा अधिकारच नव्हता. देशात कुठंही जायचं आणि राहायचं स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमाने दिलेलं आहे. त्याच घरातला, तेच कसब असलेला पोरगा आज दुबईच्या सोनेबाजारात जायचं म्हणतो तेव्हा चुलत्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. तोंडी हमीची जागा शिक्क्याने घेतली.

अजून मागे जा. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या सैनिकांसाठी ओळखलं जातं. बोटीवर चढताना त्यांना कुणी व्हिसा मागितला नसणार. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा आला १९२० साली, युद्ध संपल्यावर. सरकारला माणूस हवा असतो तेव्हा कागद सरकारच तयार करतं. माणसाला जायचं असतं तेव्हा कागद ज्याचे त्याने जमवायचे. शंभर वर्षांत यात फारसा फरक पडलेला मला दिसत नाही. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीची वर्षाची व्हिसा-संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करारही केला. बातमी वाचून पलूसचा वेल्डर आणि जतची नर्स उठून बसली. पण त्या वेल्डरच्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि जन्मदाखल्यात नावाची जागा रिकामी, हे कोण निस्तरणार, याचं उत्तर कराराच्या बातमीत नव्हतं.

बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव एक, सासरचं एक. दाखल्यावर 'बाई' लावलेलं, पॅनवर काढलेलं. काही घरांत लग्नात नवऱ्याने तांदळात नावच दुसरं लिहिलेलं. मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग, आणि पासपोर्टच्या अर्जात रकाने दोन: नाव आणि आडनाव. मधला बाप किंवा नवरा कुठल्या रकान्यात बसवायचा हे प्रत्येकाने आपापल्या अकलेने ठरवलं. परिणामी एकाच बाईची पाच कागदांवर पाच रूपं तयार होतात, आणि ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, वकिलाची फी. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी कायद्याने जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरवला, हे चांगलंच झालं. पण ती बाळं व्हिसा मागायच्या वयाची व्हायला अजून वीस वर्षं आहेत.

आता पैशाचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त सलतो.

व्हिसा अधिकाऱ्याला उत्पन्न बघायचं असतं, आणि उत्पन्न म्हणजे त्याच्या लेखी आयकराचं विवरणपत्र आणि सहा महिन्यांचा बँकेचा उतारा. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराकडे काय असतं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. सातबारा आहे, पण त्यावर वारलेल्या आजोबांचं नाव अजून आहे, कारण भावाभावांत वारसनोंदीचा फेरफार अडलेला. पैसा येतो तो बेदाण्याच्या सौद्यानंतर, वर्षातून एकदा, आणि येतो तसा औषधवाल्याकडे, मजुरीत, पीककर्जात निघून जातो. चार एकर बाग, शेड, ट्रॅक्टर असलेला हा माणूस कागदावर भिकारी दिसतो. त्याच गावातला पतसंस्थेचा कारकून, ज्याचा पगार बागेच्या फवारणीलाही पुरायचा नाही, तो कागदावर सावकार.

मग सुरू होतो 'दाखवायच्या पैशां'चा खेळ. हा शब्द आमच्याकडे इतका रुळलाय की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोराला बाहेर शिकायला पाठवायचं तर खात्यावर मोठी रक्कम दिसायला हवी. जर्मनीला वर्षाचे ११ हजार ९०४ युरो आधी बंद खात्यात अडकवून ठेवावे लागतात. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून एकदम २० हजार ६३५ वर नेली, आणि नंतर अजून वाढवली. एवढी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर सहा महिने पडून कशी राहील? मग कुणी पाहुण्याकडून, कुणी व्याजाने, असे पैसे आणून काही आठवडे खात्यावर ठेवायचे, उतारा काढायचा आणि परत करायचे. त्याचं व्याज बागेच्या पुढच्या पिकातून. अधिकाऱ्याला मात्र तो उतारा उघडला की पहिली तीच भर डोळ्यांत भरते. त्याने पैशाचा उगम विचारला आणि घरच्यांनी काहीतरी रचून सांगितलं, की प्रकरण साध्या नकाराच्या पुढे जातं. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत.

म्हणजे ज्याच्याकडे खरंच ऐपत आहे तोच माणूस खोटी ऐपत दाखवून अडकतो. याहून मोठा मूर्खपणा कोणता? सौद्याच्या पट्ट्या आहेत, साखर कारखान्याची उसाची बिलं आहेत, शीतगृहाच्या पावत्या आहेत, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आहे. सगळे खरे कागद. ते एकत्र लावून, सनदी लेखापालाकडून तीन वर्षांचा ताळा मांडून, इंग्रजीत नीट भाषांतर करून, सोबत एका पानात शेतीचं चक्र समजावून सांगितलं, तर परदेशातल्या अधिकाऱ्यालाही ते कळू शकतं. द्राक्ष छाटणी कधी होते हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही; ते सांगणं आपलं काम. पण हे करणारं गावात कुणी नाही, म्हणून लोक एजंटाकडे जातात. आणि एजंटाला खरे कागद लावण्यापेक्षा खोटा उतारा काढणं सोपं पडतं. "सगळे असंच करतात, काका," एवढ्या एका वाक्यावर हा धंदा चालतो.

एजंटांबद्दल कायदा नाही असं नाही. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला केंद्राकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझ्या ओळखीत आखाती देशांत गेलेल्या एकानेही हा आकडा ऐकलेला नव्हता. त्यांनी दिलेले आकडे इथं लिहिले तर पोलीस येतील. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर उत्प्रवासन तपासणीचा शिक्का असतो, म्हणजे अठरा ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकार त्याचा करार बघतं. ही तरतूद त्याच्या रक्षणासाठी आहे. पण एजंट तिला अडथळा म्हणून सांगतो आणि 'व्हिजिट'वर, म्हणजे नुसत्या भेटीच्या व्हिसावर, पाठवतो. तिथं उतरल्यावर त्या माणसाला ना करार, ना विमा, ना तक्रारीला जागा.

शिक्षणासाठी पाठवणारे सल्लागार तर या कायद्याच्या बाहेरच राहतात. सांगलीत विश्रामबागेच्या रस्त्याने जा. परदेशी शिक्षणाचे बोर्ड मोजत चला. बोर्ड लावणाऱ्याची कुणी परीक्षा घेतली आहे का? कॅनडात पैसे घेऊन व्हिसाचा सल्ला द्यायचा तर तिथला परवाना लागतो, ऑस्ट्रेलियात नोंदणी लागते. २०२३ मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली तेव्हा हद्दपारीची टांगती तलवार विद्यार्थ्यांच्या डोक्यावर आली, कारण अर्जाखाली सही त्यांची होती. पंजाबने या धंद्यासाठी २०१२ मध्येच परवान्याचा कायदा केला. तिथंही फसवणूक थांबलेली नाही, हे खरं. पण निदान तक्रार कशाखाली करायची हे ठरलेलं आहे.

माझी मागणी लहान आहे. केरळने परदेशी नोकऱ्यांसाठी स्वतःचं महामंडळ १९७७ मध्ये काढलं, परदेशस्थ केरळी लोकांसाठी खातं १९९६ मध्ये. प्रमाणपत्रांचं साक्षांकन, निघण्याआधीचं प्रशिक्षण, जर्मनीशी नर्सेससाठी थेट करार हे सगळं त्या सरकारी व्यवस्थेतून होतं. आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयात एक खिडकी पुरे. जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाहनोंद, सातबारा यांतला मेळ घालून देणारा एक माणूस. प्रमाणपत्राला अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं आपल्या परराष्ट्र खात्याचं साक्षांकन, लागतं की दूतावासाचा शिक्का, मुंबईला कुठल्या टेबलाला जायचं, एजंट नोंदणीकृत आहे की नाही, एवढं सांगणारा. सेतू कार्यालयात उत्पन्नाचे दाखले निघतात, मग हे का निघू नये?

यावर मला पहिला प्रश्न येतो तो आमच्याच पेन्शनरांच्या कट्ट्यावरून: जाणारे पैसेवाले, त्यांच्यासाठी सरकारने का राबावं? पैसेवाल्याला खिडकी लागत नाही, तो पुण्यात चांगला वकील गाठतो. खिडकी लागते ती जतच्या नर्सला. दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. पोरं जाऊच नयेत, गावं ओस पडली, बंगल्याला कुलूप आणि म्हातारी दोघं ओसरीवर, हे मी रोज बघतो. पण गलाईवाल्यांना कुणी थांबवलं नव्हतं, आणि त्यांच्या पैशावरच आमच्या भागातली कितीतरी देवळं आणि शाळाखोल्या उभ्या राहिल्या. जाणाऱ्याला अडवणं हा माझा अधिकार नाही. तो फसून जाऊ नये, इतकंच मी म्हणू शकतो.

आणि दूतावासांचं? तिथं अन्याय आहेच. अमेरिकेचा कायदा प्रवासी व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला कायमचं राहायला आलेला समजूनच सुरुवात करतो. तसं नाही हे तुम्ही दोन मिनिटांत खिडकीसमोर पटवायचं. फी १८५ डॉलर, नकार आला तरी परत नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा जून २०२४ पासून ९० युरो, तोही परत नाही, आणि नकाराचं कारण म्हणजे छापील फॉर्मवरच्या चौकटीत एक खूण. 'परत जाण्याच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे.' पासष्ट वर्षांच्या बाईला, जिची म्हैस दारात बांधलेली आहे, तिला हे सांगायचं. काम न होताही पूर्ण मजुरी घेणारा गवंडी आम्ही गावात टिकू दिला नसता. पण त्या खिडकीपुढे माझं मत चालत नाही. तहसीलच्या खिडकीपुढे ते चालायला हवं, म्हणून मी भांडण तिथं नेतो.

शिवाय व्हिसा मिळाला की संपलं, हाही एक भ्रम आहे. आत शिरणं वेगळं आणि राहायचा हक्क मिळणं वेगळं. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून शिकून अमेरिकेत गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारा. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. आइसलँडलाही तीच मर्यादा आणि भारतालाही तीच. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी माणूस रांगेत, नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, आणि लहानपणी सोबत नेलेलं पोर एकवीस वर्षांचं झालं की बापाच्या अर्जातून बाहेर. उलट जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, गेलेल्याला भाषा बऱ्यापैकी आली तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं. शैक्षणिक कर्जाला शेत तारण ठेवण्याआधी हा फरक बापाला कुणी सांगितलेला असतो का? तो विचारतो, "पगार किती?" एवढंच.

आणि शेताचंच निघालं म्हणून सांगतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. आपल्याकडे दुहेरी चालत नाही. परदेशस्थ नागरिकाचं कार्ड मिळतं, त्यावर यायला-जायला, राहायला अडचण नाही, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर येते. म्हणजे बापाच्या माघारी आजोबांचं नाव सातबाऱ्यावर तसंच लटकत राहिलं, तर तो वारस फ्रँकफर्टहून फेरफारासाठी तलाठ्याच्या दारात येणार. आपण सगळं पोराच्या व्हिसाच्या घाईत करतो आणि घरचा फेरफार मात्र 'बघू' म्हणून ठेवतो.

तर त्या १ जूनच्या जोडप्याचं. मुलीने तिथल्या कार्यालयात आईवडिलांच्या खर्चाची हमी लिहून दिली, ३० हजार युरोंचा विमा काढला. इकडे मी आणि तिचा बाप दोन दिवस बसून कागद लावत होतो. बेदाण्याच्या तीन वर्षांच्या पट्ट्या, सातबारा, बँकेचा उतारा. त्यात एकही दाखवायचा पैसा नाही. मग मला हुक्की आली की तारखेबद्दलही एक पत्र सोबत द्यावं. मी लिहिलं: मी या शाळेचा निवृत्त शिक्षक, ही जन्मतारीख मी स्वतः अंदाजाने लिहिली, त्या काळी आमच्याकडे अशीच रीत होती.

मुलीला मोबाईलवर फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "गुरुजी, हे पाठवू नका. अंदाजाने म्हटलं की बाबांचा पासपोर्टच खोटा ठरेल."

"पण खरं तेच आहे गं."

"मग एवढंच लिहा की रजिस्टरात तशी नोंद आहे. तेही खरंच आहे की."